आंदणातली शालन

चाकणच्या दौलतरावांनी कासारवाडीतला आपला बंगला मिशनला भाड्यानं दिला, तेव्हा त्यासोबत दोन पलंग, एक टेबल, पाण्याचा रांजण आणि शालन एवढं बैलगाडीतून पाठवून दिलं. चोपन्न सालचा मार्च महिना होता. रांजण हलू नये म्हणून शालन त्याला कवेत धरून गाडीच्या मागच्या अंगाला बसली होती. गाडीवानानं आधी पलंग उतरवले, मग टेबल, मग रांजण. शालन आपली आपण उतरली, पदर खोचला आणि चूल कुठं मांडायची ते बघायला लागली.

पन्नाशीला आली असेल. नक्की वय तिलाही ठाऊक नव्हतं. अंगानं काटकुळी, कामाला चपळ आणि बोलायला अगदी कमी.

बंगल्यात एकच माणूस राहणार होता, बिशप अन्सेल्म. बिशप म्हणजे पाद्र्यांतले मोठे पाद्री, एवढं गाडीवानानं तिला वाटेत सांगितलं होतं. ती मनातून घाबरली होती. कुणीतरी करड्या आवाजाचा गोरा साहेब येणार, असं तिला वाटत होतं. मोटारीतून उतरला तो पाठीत वाकलेला, पांढऱ्या दाढीचा, चार पावलांवर दम लागणारा म्हातारा. त्याची सारी हयात आफ्रिकेत गेली होती. दम्याला इथली कोरडी हवा मानवेल म्हणून संस्थेनं त्याला पुण्याकडं धाडलं, असं सगळे सांगत.

म्हाताऱ्यानं हात जोडले. मराठी तो बोटीवरच पुस्तकातून शिकायला लागला होता.

"आपला नाव काय?"

"शालन."

"शालनबाई," तो म्हणाला. "मी आनंदी आहे."

शालननं मागं वळून पाहिलं. आणखी कुणी बाई उभी आहे की काय, असं तिला वाटलं. तिच्या नावापुढं 'बाई' आजवर कुणी लावलं नव्हतं.

म्हाताऱ्याला ती लवकरच 'बाबा' म्हणायला लागली. त्यांचं पथ्य सोपं होतं: ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दूध. सकाळी ते त्यांची प्रार्थना करत, ती अंगणातल्या तुळशीला पाणी घाली. दोघांनी एकमेकांच्या देवाची चौकशी केली नाही. कासारवाडीतल्या बायका विहिरीवर विचारत, "काय गं, बाटवतोय का तुला म्हातारा?" त्यावर ती म्हणे, "त्यांना भाकरी मोडता येत न्हाई नीट, बाटवत्यात कुठलं!"

बाबांना एकच नाद होता, शब्दांचा. दिसेल त्या वस्तूवर बोट ठेवून ते नाव विचारत आणि वहीत उतरवून घेत. उलथनं, पाटा, वरवंटा, शिंकं. शालनला आधी हसू येई, मग मजा वाटायला लागली. जन्मात पहिल्यांदा तिला काहीतरी येत होतं आणि ते समोरच्याला येत नव्हतं. बाबा 'वरवंटी' म्हणाले की ती मान हलवून म्हणे, "वरवंटा. त्यो वरवंटा."

असे दोन-तीन महिने गेले. एकदा दुपारी जेवता जेवता बाबांनी सहज विचारलं, "शालनबाई, दौलतरावांच्या घरी तुम्ही कोण? नात्यातल्या?"

"न्हाई बाबा. मी आंदणातली."

"आंदण," बाबांनी वही ओढली. "आंदण म्हणजे?"

"लेकीचं लगीन झालं की बाप देतो न्हाई का तिच्यासंगट? भांडी, पलंग, दुभती गाय." ती वरण वाढत होती. "आणि मी."

बाबांचा हात कागदावर थांबला. शब्द नीट कळला नाही असं समजून त्यांनी परत विचारलं. शालननं परत सांगितलं, या वेळी जरा सावकाश, शिंक्याचा अर्थ सांगावा तसं.

मारुंजीत एक मोठं घर होतं. शालनचा बाप त्या घरच्या गुरांकडं होता. घरची लेक सावित्री नऊ वर्षांची झाली आणि तिचं लग्न चाकणला ठरलं. एवढ्या लांब एकटी जाणार म्हणून पोर रडायला लागली, तेव्हा मालक शालनच्या बापाला म्हणाले, "तुझी पोरगी दे सोबतीला." मालकाला नाही म्हणायची बापाची काय बिशाद! शालन आठ वर्षांची होती. वरातीच्या गाडीत नवरीच्या पायाशी बसून ती चाकणला आली. दोघी माडीवर सागरगोटे खेळत. मग सावित्री मोठी झाली, सावित्रीबाई झाली, घराची मालकीण झाली. शालन शालनच राहिली. सावित्रीबाईंच्या लेकाला, दौलतरावाला, शालननं न्हाऊमाखू घातलं, गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेतलं. तिचं लग्न झालं नाही. ते करावं असं कुणाच्या मनातच आलं नाही.

"आणि मारुंजी? परत कधी गेलात?"

"एकदा. पहिल्या दिवाळीला बाईसाहेबांसंगट. निघताना म्या आईच्या गळ्याला अशी मिठी घातली की सुटंना. दोन गड्यांनी वढून काढली. मग म्हनले, हिला नेऊच नका, लई तमाशा करती." ती हसली. "तवापासून बाईसाहेब दिवाळीला माहेरी जायच्या आणि मी घर राखायची. एका दिवाळीला त्या परत आल्या, फराळाचे डबे उघडत होत्या, तवा म्हनल्या, शालन, तुझी आई गेली गं श्रावणात. बाप आधीच गेल्याला."

"मारुंजी किती लांब आहे?"

"काय की. लई लांब आसंल."

बाबांनी मान खाली घातली. ताटातली भाकरी तशीच राहिली. मीठ जास्त झालं असावं असं वाटून शालन वरण चाखायला आत गेली. परत आली तेव्हा बाबांचे डोळे भरलेले होते.

संध्याकाळी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बाबांनी तिला समोरच्या ओट्यावर बसायला सांगितलं आणि आपली हकीकत सांगितली. मराठी मोडकं होतं, पण तिला सगळं कळलं.

आफ्रिकेतल्या एका रुंद, गढूळ नदीकाठी त्यांचं मिशन होतं. नदीवरून माणसं विकणारे होड्या घेऊन येत. जुने पाद्री त्यांच्याकडून लहान पोरं विकत घेत, सोडवायची म्हणून. हेतू चांगला होता. पण सोडवलेली पोरं मिशनच्या मळ्यात राबायला लागत. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की मळ्यात जायचं. मोठी झाली तरी तिथंच. पळून गेलेल्याला धरून आणत. अन्सेल्म तरुणपणी तिथं गेले, तेव्हा त्यांनाही यात काही वावगं दिसलं नव्हतं. पंधरा वर्षं ते त्याच पोरांच्या हातचं खात होते. ते बिशप झाले त्या वर्षी मळ्यातली एक बाई बाळंतपणात मरणाला टेकली. तिच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, कुणाला निरोप धाडू? ती म्हणाली, माझं कुणी असेल, पण कोण ते तुम्ही मला विसरायला लावलंत.

"त्या दिवशी मी जागा झालो," बाबा म्हणाले.

त्यांनी मळा बंद केला. घंटा उतरवली. माणसं गुलाम म्हणून बाळगणाऱ्या मिशनच्या माणसाला चर्चमध्ये पाऊल ठेवता येणार नाही, असा हुकूम काढला. नदीकाठच्या गोऱ्या मळेवाल्यांकडंही तेच चालत होतं. त्या मळेवाल्यांच्या नावानिशी बाबांनी सरकारला आणि रोमला पत्रं लिहिली. मळेवाल्यांनी त्यांची होडी जाळली. त्यांच्याच पाद्र्यांनी त्यांच्याविरुद्ध अर्ज केले. वीस वर्षं भांडण चाललं. कायदा शेवटी झाला, मळ्यांतली माणसं सुटली, पण बाबा सगळ्यांना नकोसे झाले. प्रकृतीचं निमित्त करून त्यांना तिथून हलवण्यात आलं.

"मंग चांगलंच केलं की तुमी," शालन म्हणाली.

"अर्धं केलं. फाटक उघडलं आणि म्हणालो, जा. पण कुठं जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी एकाबरोबरही चालत गेलो नाही, शालनबाई. मला पत्रं लिहायची होती." त्यांना ढास लागली. ती पाणी घेऊन आली. ते पिऊन ते म्हणाले, "आणि आता म्हातारपणी तुमच्या हातचं जेवतो आहे. तीन महिने. विचारलं नाही."

 आपल्यामुळं या भल्या माणसाला त्रास झाला, एवढंच शालनला वाटलं.

"तुम्हाला काय हवं आहे?" बाबांनी विचारलं.

हा प्रश्न तिला नवीन होता. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"मारुंजीला जायचंय," ती शेवटी म्हणाली. "आई न्हाई, ठावं हाय. पर घर कुठं हुतं तेवढं बघायचंय."

दुसऱ्या दिवशी बाबांनी रस्त्यावरच्या एका गाडीवाल्याला मारुंजीचं अंतर विचारलं. सात-आठ मैल, तो म्हणाला; काळेवाडीशी पवना उतरली की वाकडवरनं सरळ. सकाळी निघालं तर जेवायला पोचाल. शालननं ते परत एकदा विचारून घेतलं. मारुंजी म्हणजे कुठंतरी काशीइतकं लांब, असं ती चाळीस वर्षं धरून चालली होती. चाकणहूनही ते दिवसभराच्या वाटेवर होतं.

बाबा लगेच निघायला तयार होते. शालन नव्हती.

"बाईसाहेबांना सांगितल्याबगर न्हाई जायची."

"मी येतो चाकणला. मी बोलतो दौलतरावांशी. हा गुन्हा आहे, कायद्यानं कधीच बंद..."

"तुमी नका येऊ बाबा," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण ठाम. "तुमी आलात तर ते तुमच्याशीच बोलत्याल. मी आपली दाराआड उभी."

 बाबा उठून तिच्यासाठी आपली छत्री घेऊन आले. उन्हात चालावं लागेल म्हणून.

नाशिक रस्त्यावर हात करून शालननं मोटार थांबवली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं प्रवास केला. चाकणच्या घरी पोचली तेव्हा सावित्रीबाई सोप्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी विधवा झाल्यापासून त्या फार बाहेर पडत नसत. दौलतराव झोपाळ्यावर होते.

"ही कशी आली?" दौलतराव म्हणाले. "शालन, साहेबांचं काही बिनसलं का?"

"न्हाई मालक. मी बाईसाहेबांकडं आले. मारुंजीला जाऊन येणार हाय, ते सांगाया."

"मारुंजीला? तिथं कोण आहे आता? मामा तर जमीन विकून पुण्याला गेले, त्याला वीस वर्षं झाली."

"तुमचे मामा न्हाईत. माझं घर हाय तिथं. हुतं."

दौलतरावांना एकदम राग आला. म्हाताऱ्या पाद्र्यानं हिच्या डोक्यात भरवलेलं दिसतंय, असं ते म्हणाले. आम्ही तुला कधी उपाशी ठेवलं का, हात लावला का, दर वर्षी दोन लुगडी मिळत नाहीत का, घरच्यासारखी नाहीस का तू? शालन ऐकत उभी राहिली. सावित्रीबाईंचे हात तांदळात थांबले होते.

"मी तुला काय कमी केलं गं, शालन?" त्यांनी विचारलं.

"काय बी न्हाई, बाईसाहेब."

"मग?"

शालनच्या तोंडून शब्द निघाला तेव्हा तो तिलाच अनोळखी वाटला. "आईला भेटू न्हाई दिलं."

 झोपाळ्याची कडी करकरली. सावित्रीबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"मी नऊ वर्षांची होते गं," त्या म्हणाल्या.

"व्हय. आणि मी आठाची."

"दौलत, तू आत जा," सावित्रीबाई म्हणाल्या. दौलतराव काही बोलणार होते, पण आईचा चेहरा बघून उठले.

दोघीच राहिल्या. सावित्रीबाईंनी तिला सतरंजीवर बसायला सांगितलं. शालन जमिनीवर बसायला लागली तसा त्यांनी तिचा हात धरून तिला वर ओढलं.

"ऐक. तुला भाऊ आहे. तू आलीस त्याच्यानंतर दोन वर्षांनी झाला. सोपान नाव. तुझी आई गेली तेव्हा तो तिच्या पदराला होता."

 "आणि तुमी सांगितलं न्हाई?" शालननं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस." सावित्रीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "या घरात माझं म्हणावं असं दुसरं कोण होतं? सासू तसली, यांचा स्वभाव तसला. तू गेली असतीस तर मी एकटी पडले असते. एवढंच होतं. आणि मग वर्षं गेली. मग सांगायचीच लाज वाटायला लागली."

शालनला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिला राग आला होता आणि त्या रागाचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. ती उठली.

"मी जाते, बाईसाहेब. गाडी चुकंल."

"परत येशील?"

"ठावं न्हाई," शालन म्हणाली. खरंच तिला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी बैलगाडी मारुंजीला निघाली. बाबांना धक्के सोसत नव्हते, पण ते ऐकेनात. गाडीत गवताची बिछायत घालून शालननं त्यांना टेकून बसवलं. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता. माणसांनी, खडीनं, चुन्यानं माळ भरून गेला होता. पुढं निर्वासितांच्या छावणीतल्या बायका नळावर भांडत होत्या. काळेवाडीशी पवनेत बैल पाणी प्यायला थांबले तेव्हा बाबांनी विचारलं, "भीती वाटते?"

"व्हय," ती म्हणाली. "त्यानं वळखलं न्हाई तर?"

"तो तुम्हाला ओळखणार कसा? तो तुमच्यानंतर जन्मला. सांगावं लागेल."

मारुंजीत मोठ्या घराच्या जागी दुसऱ्याच कुणाचं कौलारू घर होतं. सोपानचं घर गावाच्या कडेला, ओढ्यालगत. चाळिशीचा, रापलेला माणूस अंगणात नांगराचा फाळ ठोकत बसला होता. गाडीत गोरा पाद्री बघून तो चपापून उठला. शालन खाली उतरली. वाटेत जुळवलेलं सगळं ती विसरून गेली.

"मी शालन," ती म्हणाली. "चाकणला दिल्याली."

सोपानच्या हातातली हातोडी खाली आली. तो तिच्याकडं पाहत राहिला, मग घराकडं वळून ओरडला, "अगं, आक्का आली! आपली आक्का आली!"

पोरं धावत आली, बायको आली, शेजार जमला.  सोपान तिच्या हाताला धरून उभा होता. मग त्यानं सांगितलं. आई दर दिवाळीला मोठ्या घराच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. चाकणची गाडी आली की आत कोण कोण आहे ते बघायची. लेक नाही दिसली की घरी यायची आणि म्हणायची, सोप्या, तुझी आक्का पुढल्या साली येईल. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा तिनं विचारलं होतं, दिवाळी किती लांब आहे.

तेव्हा शालन रडली. चाळीस वर्षांचं रडली. भावजयीनं तिला पोटाशी धरलं.

बाबा गाडीतच बसून होते. शालनचं रडं ओसरलं तेव्हा तिला त्यांची आठवण झाली. ती त्यांना हाताला धरून अंगणात घेऊन आली. सोपान त्यांच्या पाया पडायला वाकला, तसे बाबा मागं सरले. "मी काही केलं नाही," ते म्हणाले. "गाडीत बसून आलो फक्त."

एका चुलत्यानं कुजबुजत विचारलं, ही बाटली तर नाही ना, हिच्या हातचं पाणी चालेल ना. सोपाननं त्याच्याकडं बघितलं, घागरीतलं पाणी शालनच्या हातात दिलं आणि तिच्याच हातून घटाघटा प्याला.

शालन तिथं महिनाभर राहिली. बाबा एकटेच परत गेले. एका सकाळी ती आपल्या मनानं कासारवाडीला परत आली. चुलीपाशी करपलेली भांडी पडलेली आणि बाबा अंगानं निम्मे झालेले.

"तुम्ही का आलात?" बाबा म्हणाले. "तुमचं घर मिळालं ना?"

"मिळालं की. कुठं पळून जातंय? तुमाला येत न्हाई रांधायला." ती पदर खोचत म्हणाली. "पर आता आयतवारी मारुंजीला जाणार. आणि पगार माझ्या हातात पायजे, दौलतरावांकडं न्हाई."

बाबा इतके हसले की त्यांना ढास लागली.

पुढची अडीच वर्षं ती त्यांच्याकडं होती, दर रविवारी मारुंजीला जाऊन येई. सत्तावन्नच्या जानेवारीत थंडीनं बाबांची छाती भरली. एका सकाळी दूध अर्धंच पिऊन ते गेले. शेवटच्या दिवसांत ते त्या नदीकाठच्या भाषेत बोलत. शालनला शब्द कळत नसत, पण ती "व्हय, व्हय" म्हणत पाठ चोळत बसे. खडकीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं तेव्हा एका तरुण पाद्र्यानं तिला विचारलं, आपण त्यांच्या कोण? "मी त्यांच्याकडं कामाला हुते," ती म्हणाली, आणि मूठभर माती टाकून बाजूला झाली.

त्यानंतर ती मारुंजीत राहिली. सोपाननं ओढ्याच्या अंगाला तिला एक खोली बांधून दिली. भाचरांची लग्नं तिनं केली, आणि भाचीबरोबर कुणाला पाठवायचा विषय निघाला तर सगळ्या घराला गप्प करायची तिची ताकद होती.

बाबा गेले त्याच साली दिवाळीच्या आधी चाकणहून दौलतरावांचा निरोप आला. आई थकली आहे, तुझी आठवण काढते, तू ये असं म्हणत नाही, पण तिला तुझ्याकडं पाठवली तर चालेल का, मावशी? निरोप्यानं 'मावशी' हा शब्द दोनदा सांगितला. तसं बजावूनच पाठवलं होतं त्याला.

शालननं एक दिवस विचार केला. तिचा राग पुरता गेला नव्हता. तो कधीच पुरता गेला नाही. पण सावित्रीबाईंचं माहेर वीस वर्षांपूर्वी विकलं गेलं होतं, हेही तिला ठाऊक होतं.

"येऊ दे," ती म्हणाली.

सावित्रीबाई आल्या. शालननं त्यांना तेल लावून न्हाऊ घातलं, कारण त्यांचे हात वर जात नव्हते. भावजयीनं पुरणपोळी केली. चार दिवस त्या राहिल्या. एका दुपारी ओढ्याकाठी दोघी पाय सोडून बसल्या होत्या.

"शालन, माझ्यावर राग आहे का गं अजून?"

"हाय," शालन म्हणाली.

 मग तिनं त्यांच्या मांडीवर शेवग्याच्या शेंगांचा ढीग टाकला. "सोला आता. नुसत्या बसू नका."

सावित्रीबाईंनी शेंग उचलली. सोलता सोलता त्यांनी विचारलं, हा ओढा पावसाळ्यात कुठवर येतो, आणि शालन त्यांना दाखवायला उठली.